परभूमीतील आयरिश नाव : उच्चार, लेखन आणि वारसा

व्यक्तिनाम हा भाषेतील सर्वांत लहान आणि सर्वांत चिवट अंश असतो. एखाद्या कुटुंबाची भाषा तीन-चार पिढ्यांत बदलते, प्रार्थना बदलतात, म्हणी विसरल्या जातात. पण नाव मात्र पुष्कळदा टिकून राहते. मूळ भाषेचा दुसरा एकही शब्द ज्याला येत नाही, अशा माणसाच्या जिभेवरही त्याचे स्वतःचे नाव असते. आयर्लंडबाहेर, विशेषतः इंग्लंड, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या देशांत वाढणाऱ्या मुलाला आयरिश भाषेतील नाव देणे ही घटना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. वरवर पाहता ती एका कुटुंबाची खासगी निवड असते. परंतु तिच्यात लेखन आणि उच्चार यांचा संबंध, भाषेच्या ऱ्हासाचा इतिहास आणि वारसा पुढे नेण्याचा भार कोणी उचलायचा हा नैतिक प्रश्न, असे तीनही धागे गुंतलेले असतात. या तीन धाग्यांची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नावाची दोन रूपे

आयरिश नाव परदेशात गेले की त्याची दोन रूपे एकमेकांपासून सुटी होतात : कानाला ऐकू येणारे आणि डोळ्यांना दिसणारे. 'शिव्हॉन' हे मुलीचे नाव कानाला अवघड नाही. परंतु रोमन लिपीत ते एस-आय-ओ-बी-एच-ए-एन या अक्षरांनी लिहिले जाते, आणि इंग्रजी वाचनाच्या सवयीने पाहणाऱ्याला त्यात 'शि' सापडत नाही आणि 'व्ह'ही सापडत नाही. 'नीव्ह' या नावाच्या शेवटी एम आणि एच ही अक्षरे असतात. 'टाइग' या पुरुषनामाच्या शेवटी डी-एच-जी असा व्यंजनांचा पुंजका असतो. त्यामुळे आयरिश नावे 'जशी लिहितात तशी उच्चारत नाहीत' असा समज सर्वत्र रूढ झाला आहे.

हा समज तपासून पाहिला पाहिजे. आयरिश लेखनपद्धती इंग्रजीहून कमी नियमबद्ध नाही. तिचे नियम वेगळे आहेत, एवढेच. परंपरागत आयरिश वर्णमालेत अठराच अक्षरे आहेत आणि तेवढ्यांतून भाषेतील बरेच अधिक ध्वनी दाखवावे लागतात. यासाठी दोन युक्त्या वापरल्या जातात. पहिली युक्ती स्वरांची. आयरिशमध्ये बहुतेक प्रत्येक व्यंजनाची 'रुंद' आणि 'सडपातळ' अशी दोन रूपे असतात; सडपातळ रूप म्हणजे तालव्य उच्चार. व्यंजनाशेजारी 'आय' वा 'ई' हे अक्षर आले, तर ते व्यंजन तालव्य समजावे आणि 'ए', 'ओ' वा 'यू' आले, तर रुंद समजावे, असा संकेत आहे. म्हणून 'शिव्हॉन' आणि 'शॉन' या नावांच्या आरंभी 'एस' असूनही उच्चार 'श' होतो. अशा ठिकाणी स्वराचे अक्षर पुष्कळदा स्वतः बोलत नाही. शेजारच्या व्यंजनाचा स्वभाव सांगते.

दुसरी युक्ती व्यंजनाच्या मृदूकरणाची. विशिष्ट स्थानी आयरिश व्यंजन सैल होते. 'ब' आणि 'म' यांचा 'व्ह' होतो, 'द' आणि 'ग' घर्षक होतात आणि शब्दाच्या शेवटी अनेकदा विरून जातात. जुन्या आयरिश वळणाच्या लिपीत हा बदल अक्षराच्या डोक्यावर टिंब देऊन दाखविला जाई. विसाव्या शतकात मुद्रणासाठी सर्वसाधारण रोमन टंक स्वीकारला गेला, तेव्हा टिंबाची जागा 'एच' या अक्षराने घेतली. एका टिंबाचे एक पूर्ण अक्षर झाले आणि नावे कागदावर लांबली.

येथे मराठी वाचकाला एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात येईल. रोमन लिपीतील 'बी-एच' ही जोडी पाहताच मराठी माणूस 'भ' वाचतो, कारण 'भारत' हा शब्द तो तसाच लिहितो. इंग्रजी वाचकाला त्या जोडीचा निश्चित अर्थ लागत नाही. आयरिश वाचक मात्र 'व्ह' वाचतो. अक्षरे तीच, लेखनसंकेत तीन. तेव्हा नाव 'अवघड' आहे असे म्हणताना ते कोणत्या संकेताने वाचले जात आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. आयरिश नावाची अडचण त्याच्या रचनेत नसून ते दुसऱ्या भाषेच्या नियमाने वाचले जाण्यात आहे.

२. नावे बदलण्याचा इतिहास

दुसऱ्या भाषेच्या नियमाने वाचले जाण्याची ही अवस्था आयरिश नावांना परदेशात प्रथम भोगावी लागली असे नाही. ती त्यांनी स्वदेशातच भोगली होती. १३६६ साली किलकेनी येथे संमत झालेल्या कायद्यांनी आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रजांना आयरिश भाषा आणि आयरिश पद्धतीची नावे वापरण्यास मनाई केली. शासकांचीच मुले आयरिश नावे धारण करू लागली होती, हे त्या मनाईवरून कळते. १४६५ च्या कायद्याने डब्लिनच्या परिसरातील जिल्ह्यांत राहणाऱ्या आयरिश लोकांवर उलट सक्ती केली : त्यांनी एखाद्या गावाचे, रंगाचे, व्यवसायाचे वा हुद्द्याचे इंग्रजी नाव आडनाव म्हणून घ्यावे.

कायद्यापेक्षा नोंदवहीचा परिणाम अधिक खोल झाला. कॅथलिक धर्मोपदेशक बाप्तिस्म्याच्या नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये करीत आणि आयरिश नावासाठी ध्वनीने थोडेफार जवळचे बायबलातील वा संतांचे नाव योजीत. त्यातून ठरीव जोड्या तयार झाल्या. 'दिअरमिड'चा जेरेमाया झाला, 'टाइग'चा टिमथी किंवा थॅडियस, 'ओवन'चा यूजीन, 'डॉनख'चा डेनिस, 'गॉबनित'ची अ‍ॅबिगेल किंवा डेबोरा, 'सरखा'ची सारा. यांपैकी बहुतेक जोड्यांत अर्थाचा काहीही संबंध नाही. १८३१ पासूनच्या राष्ट्रीय शाळांत शिक्षण इंग्रजीतून झाले आणि १८६४ पासून सर्व जन्मांची शासकीय नोंद होऊ लागली. त्यामुळे घरात एक नाव आणि कागदावर दुसरे, अशी दुहेरी व्यवस्था स्थिरावली.

१८४५ पासूनच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणाऱ्यांची संख्या सुमारे पंधरा लाख भरली. एकूण लोकसंख्या तेव्हा पासष्ट लाखांच्या आसपास होती. जहाजावर चढलेल्यांत आयरिशभाषकांचे प्रमाण मोठे होते. पण परदेशच्या दफ्तरात ते इंग्रजी नावांनीच उतरले. आयरिश कुटुंबांत थोरल्या मुलाला आजोबांचे, थोरल्या मुलीला आजीचे नाव देण्याची चाल होती. ती परदेशातही चालू राहिली. मात्र नावांची साखळी पुढे गेली ती इंग्रजी पेहरावात. आजोबा 'टाइग' असले, तरी नातू 'टिमथी' झाला. नातवाच्या नातवाला आज 'टाइग' म्हणायचे, तर घराण्याच्या साखळीतील कित्येक कड्या ओलांडून मागे जावे लागते.

मागे जाण्याची ही हाक प्रथम स्वदेशातूनच आली. डग्लस हाइड यांनी १८९२ साली डब्लिनमध्ये दिलेल्या, आयर्लंडला इंग्रजीपणातून मुक्त करण्याची गरज प्रतिपादन करणाऱ्या व्याख्यानात नावांच्या या रूपांतराबद्दल तीव्र खंत व्यक्त केली. पुढील वर्षी स्थापन झालेल्या गेलिक लीगने भाषेबरोबर नावांचेही पुनरुज्जीवन हाती घेतले. स्वातंत्र्यानंतर, १९२३ साली, पॅट्रिक वुल्फ या धर्मोपदेशकांनी मुलांसाठी आयरिश नावांची पुस्तिकाच प्रसिद्ध केली.

या पुनरुज्जीवनात साहित्याचा वाटा मोठा होता, आणि त्यामुळेच एक गुंतागुंतही निर्माण झाली. ज्या नावांना आज प्राचीन समजले जाते, त्यांतील काही, नाव म्हणून, अर्वाचीन आहेत. 'डिअर्ड्रे' ही प्राचीन अल्स्टर कथाचक्रातील शोकांत नायिका. पण मुलींचे नाव म्हणून ती प्रचारात आली ती मुख्यतः जॉर्ज रसेल, येट्स आणि सिंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिच्यावर नाटके लिहिल्यानंतर. 'अ‍ॅशलिंग' हा मुळात एक काव्यप्रकार : कवीला स्वप्नात स्त्रीरूपातील आयर्लंड दिसते, असा त्याचा सतराव्या-अठराव्या शतकातील साचा. विसाव्या शतकात या काव्यप्रकाराच्या नावाने मुलींना हाक मारली जाऊ लागली. 'सीरशा' म्हणजे स्वातंत्र्य; हे नावही विसाव्या शतकातील स्वातंत्र्यलढ्यानंतरचेच. तेव्हा परदेशातील आई-बाप 'जुने' नाव ठेवतात, तेव्हा ते अनेकदा पूर्वजांच्या वहिवाटीपेक्षा एका साहित्यिक चळवळीचा वारसा पुढे नेत असतात. यात काही खोटेपणा आहे असे नाही. वारसा हा नेहमीच निवडून घेतलेला असतो. केव्हा आणि कोणी निवडला, एवढे जाणले पाहिजे.

३. परदेशातील नामकरणाचे जुने साक्षी

परभूमीत आयरिश नाव देण्याचा विषय आधुनिक स्थलांतरापुरता मर्यादित नाही. त्याचे एक अतिशय बोलके उदाहरण आइसलँडच्या 'लाक्सडाल सागा' या तेराव्या शतकातील गद्यकथेत आढळते. कथेतील काळ दहाव्या शतकाचा. हॉस्कुल्ड नावाचा आइसलँडचा सरदार बाजारात एक दासी विकत घेतो. ती मुकी आहे असे विकणारा सांगतो आणि सर्वांचा तसाच समज होतो. तिला ओलाफ नावाचा मुलगा होतो. एके दिवशी ओढ्याकाठी ती आपल्या लहानग्याशी बोलताना हॉस्कुल्डला दिसते. मग ती आपले नाव मेल्कोर्का असल्याचे आणि आयर्लंडचा राजा म्युर्कर्तान हा आपला पिता असल्याचे सांगते. मुलाला ती आपली भाषा शिकवते. तो मोठेपणी आयर्लंडला जाऊन आजोबांना भेटतो आणि परत येतो. पुढे तो आपल्या मुलाचे नाव या आयरिश राजावरून 'क्यार्तान' असे ठेवतो.

या प्रसंगाचा भाषिक अर्थ असा. ज्या स्त्रीला परक्या समाजाने मुकी मानले, तिची भाषा तिच्या नातवाच्या नावात उरली. 'क्यार्तान' हे आयरिश 'मुइर्खेर्ताख'चे कानाने घेतलेले आणि नॉर्स वळणाने घडलेले रूप आहे; मूळ आयरिश लेखन त्यात शिल्लक नाही. तरीही ते आइसलँडमध्ये आजतागायत चालू आहे. 'न्याल' आणि 'कोर्माक' यांचीही हीच कथा. मात्र आज क्यार्तान नावाच्या आइसलँडवासीयाला ते परके वाटत नाही. नाव टिकले आणि त्याचे परकेपण संपले. त्याचे मूळ आज ओळखता येते, ते कथेने ते नोंदवून ठेवले म्हणून.

दुसरे उदाहरण कल्पित भूमीचे आहे. मिहॉल कॉमीन या कवीशी जोडल्या जाणाऱ्या अठराव्या शतकातील आयरिश कथाकाव्यात अशीन हा वीर नीव्हबरोबर चिरतारुण्याच्या देशी जातो. तेथे त्यांना दोन मुलगे होतात आणि त्यांना फिन व ऑस्कर ही नावे मिळतात. फिन हा अशीनचा पिता आणि ऑस्कर हा मायदेशी राहिलेला त्याचा पुत्र. जेथे कोणी म्हातारे होत नाही, अशा देशातही स्थलांतरिताला मागे राहिलेल्यांची नावे हाकेच्या टप्प्यात हवी असतात, ही जाणीव त्या काव्यात सहज व्यक्त झाली आहे.

याच ऑस्करचा पुढील प्रवास नावांच्या लहरी गतीचे उदाहरण म्हणून पाहता येईल. स्कॉटिश लेखक जेम्स मॅकफर्सन याने १७६० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या 'ओशन'च्या काव्यांमुळे हे नाव युरोपभर पसरले. नेपोलियन त्या काव्यांचा चाहता होता. त्याचा सेनानी बेर्नादोत याच्या १७९९ साली जन्मलेल्या मुलाचे नाव ऑस्कर ठेवले गेले, आणि तो १८४४ साली स्वीडनचा राजा झाला. अशा रीतीने एक गेलिक नाव स्कँडिनेव्हियात राजनाम बनले.

४. आजची निवड

आजच्या स्थलांतरित आई-बापांपुढे सामान्यतः तीन मार्ग असतात. पहिला, उभयभाषी सोयीचे नाव निवडण्याचा. 'ब्रायन', 'केव्हिन', 'नोरा' ही नावे इंग्रजी जगात पूर्ण रुळली आहेत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात 'कॉलीन' आणि 'एरिन' हीही मुलींची नावे झाली. वास्तविक 'कॉलीन' म्हणजे आयरिशमध्ये केवळ 'मुलगी' आणि 'एरिन' हे आयर्लंड या देशनामाचेच एक विभक्तिरूप. नाव म्हणून ती मायभूमीबाहेर घडली. हा मार्ग सुखाचा आहे. पण त्यात नाव लवकरच सर्वांचे होते. ग्लेंडालॉखच्या संताचे 'केव्हिन' हे नाव १९९० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत कमालीचे लोकप्रिय झाले आणि थोड्याच वर्षांत तेथे विशिष्ट सामाजिक थराची खूण समजून हिणवले जाऊ लागले. त्या हेटाळणीत आयर्लंडचा काडीमात्र संबंध उरला नव्हता.

दुसरा मार्ग उच्चार राखून लेखन बदलण्याचा. 'शिव्हॉन', 'नीव्ह', 'कीव्हा' ही नावे इंग्रजी वाचनाला सोयीच्या अक्षरांत लिहिली जातात. मुलाला नाव सांगताना अडखळावे लागत नाही. परंतु या लेखनात नावाची वंशावळ पुसली जाते. 'कीव्हा'च्या मूळ लेखनात 'सुकुमार, सुंदर' या अर्थाचे आयरिश विशेषण ओळखता येते; ध्वन्यनुसारी लेखनात तो धागा तुटतो. शिवाय कोणता उच्चार राखायचा, हाही प्रश्न असतो. त्याच नावाचा उत्तरेकडील उच्चार 'क्वीवा'च्या जवळ जातो. मूळ लेखनात दोन्ही बोली सामावतात. नवे लेखन एकीचीच बाजू घेते.

तिसरा मार्ग मूळ लेखन आहे तसे ठेवण्याचा. त्याची किंमत रोजच्या व्यवहारात मोजावी लागते. हजेरी घेणारे शिक्षक, दवाखान्यातील नोंदणी, मुलाखत, दूरध्वनी, या प्रत्येक ठिकाणी नाव आधी उच्चारून, मग अक्षरे सांगून, मग कारण देऊन समजवावे लागते. सीरशा रोनन या अभिनेत्रीचा जन्म १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये आयरिश आई-बापांच्या पोटी झाला आणि ती वाढली आयर्लंडमध्ये. जगभर ख्याती मिळाल्यावरही अमेरिकन दूरचित्रवाणीवर तिला स्वतःच्या नावाचा उच्चार वारंवार समजावून सांगावा लागला. यंत्रांचीही अडचण आहेच. आयरिशमध्ये स्वरावरील तिरकी रेघ दीर्घत्व दाखविते आणि अर्थही बदलते : रेघ असेल तर 'शॉन' हे नाव, रेघ गेली तर 'म्हातारा' या अर्थाचे विशेषण. पारपत्राच्या यंत्रवाच्य ओळीत मात्र केवळ सव्वीस साधी रोमन अक्षरे चालतात. तेथे रेघ गळते. आडनाव आयरिश रूपात ठेवले, तर आणखी एक पेच उद्भवतो : वडील आणि मुलगा 'ओ ब्रिअन', मुलगी 'नी व्रिअन' आणि पत्नी 'ई व्रिअन'. एकाच कुटुंबातील माणसे परक्या अधिकाऱ्याला तीन कुटुंबांतील वाटू शकतात.

देवनागरीत ही नावे लिहिताना दुसराच मार्ग आपोआप स्वीकारला जातो, हे येथे नमूद केले पाहिजे. आपण 'नीव्ह' लिहितो आणि उच्चाराचा प्रश्न सुटतो; परंतु त्या शेवटच्या 'व्ह'मध्ये एक मृदू झालेला 'म' दडला आहे, हे देवनागरी सांगत नाही. उलट दिशेचा अनुभवही उपलब्ध आहे. २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान असलेले लिओ वराडकर यांचे आडनाव मालवण तालुक्यातील वराड या गावावरून आले आहे. रोमन लेखनात त्यातील 'ड' हा 'द' नाही हे कळत नाही, आणि 'कर' या प्रत्ययाचा अर्थ तर मराठी कानालाच लागतो. लिपी बदलली की नावाचा काही भाग सीमेवर थांबतो, हा नियम दोन्ही दिशांनी लागू आहे.

५. भार कोणाचा?

ध्वन्यनुसारी लेखन स्वीकारणाऱ्या आई-बापांवर कधी असा आक्षेप घेतला जातो की, एकोणिसाव्या शतकातील कारकुनाने जे केले तेच ते करीत आहेत. हा आक्षेप पूर्णतः न्याय्य नाही. 'टाइग'चा टिमथी करणाऱ्याने नावच काढून घेतले होते. 'नीव्ह' सोप्या अक्षरांत लिहिणारी आई निदान हाक तरी राखते. क्यार्तानचे उदाहरण सांगते की, केवळ हाकेवरही नाव हजार वर्षे जगू शकते. मात्र तेच उदाहरण हेही सांगते की, लेखन आणि कथा दोन्ही हरवली, तर नाव जगते आणि वारसा संपतो. मूळ लेखनाचे महत्त्व येथे आहे. ते अडथळा निर्माण करते, अडथळ्यामुळे प्रश्न विचारला जातो आणि प्रश्नामुळे कथा सांगावी लागते. परदेशात जेथे आयरिश भाषेचे दुसरे वाक्य उच्चारले जात नाही, तेथे नावाचे स्पष्टीकरण हाच त्या भाषेचा एकमेव चालू व्यवहार असू शकतो. आयर्लंडमध्येही २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येते असे सांगितले; शिक्षणाबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच होते. अशा भाषेला नावाची सोबत क्षुल्लक नाही.

तथापि या युक्तिवादाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. नाव निवडतात आई-बाप आणि स्पष्टीकरण देत राहते मूल. वारशाचे समाधान एका पिढीला आणि त्याचा व्याप दुसरीला, ही वाटणी विषम आहे. ब्रायन फ्रील यांच्या 'ट्रान्सलेशन्स' या १९८० साली डेरी येथे प्रथम सादर झालेल्या नाटकात हा ताण अचूक पकडलेला आहे. १८३३ सालच्या डॉनेगलमध्ये इंग्रज सैनिक नकाशासाठी गावांची नावे बदलत आहेत. त्यांना मदत करणाऱ्या ओवनला ते 'रोलंड' म्हणतात आणि तो प्रथम ते चालवून घेतो. त्याच नाटकात सारा ही मुकी समजली गेलेली मुलगी आरंभी आपले नाव उच्चारायला शिकते, आणि शेवटी सैन्याधिकारी दरडावून तिला नाव विचारतो, तेव्हा तिची वाचा पुन्हा बसते. मेल्कोर्का आणि सारा यांच्यात कित्येक शतकांचे अंतर आहे; पण दोघींच्या बाबतीत आपले नाव सांगता येणे म्हणजेच वाचा असणे. फरक ऐकणाऱ्यात आहे. मेल्कोर्काला ओढ्याकाठी ऐकणारे मूल होते. साराला समोर केवळ चौकशी करणारा अधिकारी होता.

यावरून परदेशातील नामकरणाविषयी एक निष्कर्ष काढता येतो. मूळ लेखनासह दिलेले आयरिश नाव मुलाला ओझे होईल की आधार, हे अक्षरांच्या संख्येवर ठरत नाही. नावाबरोबर त्याच्या लेखनाचे नियम, त्याची कथा आणि ते योग्य रीतीने उच्चारणारी निदान दोन-चार माणसे मुलाला मिळतात की नाही, यावर ते ठरते. नाव दिले आणि बाकीचे दिले नाही, तर मुलाच्या हाती एक कुलूप येते. किल्ली येत नाही. स्पष्टीकरणाचा भार आई-बापांनी आधी स्वतः उचलला, तर मात्र तेच नाव, भाषा हरवलेल्या घरातही, भाषेकडे जाणारी एक वाट मोकळी ठेवते.